वाऱ्याचं भोक

सकाळी हिव असं पडलं होतं, की विलायतेतल्या हाउन्सलोच्या त्या गल्लीतल्या सगळ्या मोटारी पिठाच्या गिरणीतून बाहेर काढल्यासारख्या पांढऱ्याफटक दिसत होत्या. सिंधुबाईनं पडदा बोटभर सारून बाहेर पाहिलं आणि ‘थूः’ केलं. खरोखर ती कधी थुंकायची नाही, नुसता आवाज काढायची. पण त्या आवाजात एवढी शिसारी असायची, की समोरच्यानं नकळत स्वतःचा गाल पुसावा. वरून विमान गेलं, इतकं खालून की ओट्यावरची भांडी खुळखुळली. तिनं विमानालाही एक ‘थूः’ दिलं आणि कढईतल्या तेलाकडे वळली.

तिळाचं तेल, त्यात ठेचलेला लसूण आणि मूठभर ओवा. लसूण तांबूस झाला की कढई उतरवायची, कोमट झालं की थर्मासात भरायचं. थर्मास, ओवा-शेपांची पुरचुंडी, धुरीची वाटी, जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या आणि तिची स्वतःची चहाची बाटली एवढं सगळं तिच्या चाकांच्या पिशवीत बसायचं. ती पिशवी खडखडवत सिंधुबाई वानखडे निघाली, की जवळपास कुणीतरी बाळंतीण आहे हे गल्लीतल्या पंजाबी म्हाताऱ्यांनासुद्धा कळायचं.

हा धंदा तिनं ठरवून धरला नव्हता. नवरा, विष्णू, विमानांना जेवण पुरवणाऱ्या भटारखान्यात होता. आयुष्यभर त्यानं परक्यांच्या जेवणाचे ट्रे भरले आणि एका दुपारी भाकरीचा घास हातात असतानाच छाती धरून गेला. त्यानंतर शेजारच्या घरात एक बाळंतपण निघालं, पोरीला मालीश करायला कुणी नव्हतं, सिंधुबाईनं बाह्या वर केल्या. पुढं पुण्या-नागपुराची पोरं व्हिसावर येत गेली, त्यांच्या बायका इथं बाळंत होत गेल्या, आणि ज्यांच्या आया-सास्वांना बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची भीती वाटायची, त्यांच्यापर्यंत हाउन्सलोच्या सिंधुबाईचं नाव आपोआप पोचत गेलं. स्टॅनमोरपर्यंत जायची ती. तिच्या हाताखालून निघालेली पोरं आता इंग्लिश शाळांत जात होती आणि रस्त्यात दिसली तर तिला ओळखत नव्हती, याचीही तिला एक बारीकशी किळस होती.

किळस हा तिचा मूळ स्वभावच म्हणा ना. दर्यापूरकडून इथं येऊन निम्मं आयुष्य गेलं, तरी या देशाची तिची किळस कोरी करकरीत होती. संडासात गालिचा घालणारी माणसं. साबणाच्या फेसासकट भांडी निथळत ठेवणारी माणसं. कुत्र्याच्या तोंडाला तोंड लावणारी माणसं. आणि सगळ्यांच्या वर इथली थंडी. ती म्हणायची, इथली थंडी म्हणजे कुत्र्याचं नाक. ओली, गार, अन् नको तिथं शिवणारी.

तेल थर्मासात जातंय तोच दार वाजलं आणि हरिदास आत आला. हा तिचा धाकटा दीर. विष्णूनंच त्याला इकडं आणला होता. घरोघरच्या गॅसच्या शेगड्या आणि बॉयलर दुरुस्त करणं हे त्याचं काम. खिशात गॅसकामाच्या परवान्याचं कॉर्गी कार्ड, नखांत कायमची काजळी, अंगाला जुन्या चिमण्यांचा वास. बायको गेल्यापासून सकाळची भाकर तो वहिनीकडे खायचा आणि भाकरीबरोबर कालच्या घाणीचं वर्णन ऐकवायचा.

“वयनी, काल एका म्हातारीच्या हीटरमागं काय निंगालं, सांगू?”

“खाऊन राह्यले तं गुमान खा, भाऊजी.”

पण तो कुठला गप्प बसतो. म्हातारीच्या हीटरमागं निघाली होती दातांची कवळी आणि अर्धा उंदीर. कवळी म्हातारीनं धुऊन पुन्हा तोंडात घातली, हे त्यानं ठेच्याबरोबर चवीनं सांगितलं. सिंधुबाईच्या हातातला घास हातातच राहिला. मग तो नेहमीच्या पुराणावर आला. आगीलाही माणसासारखा श्वास लागतो, म्हणून या घरांच्या भिंतींत जाळीचं भोक ठेवलेलं असतं. वारा तिथून आत येतो, जळलेला वायू धुराड्यातून वर जातो. आणि लोक काय करतात, तर थंडी वाजते म्हणून त्या भोकात मोजे कोंबतात, पेपर कोंबतात, आणि आतल्या आत गुंगत मरतात. धूर दिसत नाही, वास येत नाही. हिवाळाभर त्याचं हेच चालायचं.

“तुमचं कसं आहे वयनी? उघडं आहे नं भोक?”

“माह्या भोकाची चौकशी बंद करा तुमी,” सिंधुबाई म्हणाली, आणि हरिदासला ठसका लागला.

तिचं भोक बंद होतं. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी जयंती मंडळाचं मोठं कॅलेंडर होतं, त्याच्यामागं. दर हिवाळ्याच्या तोंडावर हरिदास तिची शेगडी उघडून झाडून-पुसून द्यायचा, भोकातला कागद ओढून तिच्या हातात ठेवायचा, आणि त्याची व्हॅन कोपऱ्यावर वळली की ती तोच कागद पुन्हा कोंबायची. वारा आत घेण्यासाठी भिंतीला भोक पाडायचं, आणि मग गॅस जाळून तोच वारा गरम करायचा; असली अक्कल फक्त गोऱ्यांनाच सुचू जाणे. आणि ती तर बाळंतिणींची बाई. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, हे तिला तिच्या आजीपासून माहीत. तिच्या सगळ्या धंद्याचं सूत्र एवढंच होतं. ऊब कोंडायची, वारा अडवायचा.

भाकर खाऊन हरिदासनं तिला व्हॅननं कस्तुरीच्या घराशी सोडलं. व्हॅनमध्ये पुट्टीचा, गंजाचा आणि कालच्या त्या उंदराचा वास होता. ती पदर नाकाला लावून बसली.

कस्तुरी ही पुण्याची पोर, नवरा अनिश सिटीतल्या एका बँकेत कॉम्प्युटरवर. मुलगी नुकती तीन आठवड्यांची झाली होती, घरात तिला चिऊ म्हणायचे. कस्तुरीच्या अंगात बळच नसल्यामुळं बारसं पुढं ढकललं होतं. घर भाड्याचं, युद्धाच्या आधीचं, वरच्या खोल्या अशा गार की भिंतीला हात लावला तर ओला व्हावा. म्हणून मायलेकींची खाट खालच्या पुढच्या खोलीत मांडली होती. तिथं जुनी गॅसची शेगडी होती, भिंतीतल्या चुलाण्यात बसवलेली, आणि ती दिवसरात्र जळत असे.

पहिल्याच दिवशी सिंधुबाईनं खोलीचा ताबा घेतला होता. दाराखाली टॉवेलाची वळी लावली. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. आणि कपाटाशेजारी, गुडघ्याच्या उंचीवर, जाळीचं एक भोक होतं. तिथं बोट धरलं तर सुईसारखा गार वारा. तिनं पिशवीतून निळ्या चौकटीचा सुती तुकडा काढला आणि ठासून कोंबला. कस्तुरीच्या सासूनं, वैजयंतीबाईंनी, मान डोलावली होती. “हे बाकी बरं केलंत. मी अनिशला कधीची सांगतेय, की तिथून वारा येतो.” त्या दोघींचं एकमत झालेली तेवढी ती एकच गोष्ट.

वैजयंतीबाई बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी सिंधुबाईचं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग, “अच्छा, अच्छा,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून सिंधुबाईचा चहा एका वेगळ्या मगात येऊ लागला. कान तुटलेला पिवळा मग, सिंकखाली ब्लीचच्या बाटलीशेजारी ठेवलेला. सुनेचं उघडं अंग या बाईनं पायापासून डोक्यापर्यंत चोळलेलं चालत होतं, नातीला हिनं पायांवर घेतलेलं चालत होतं, कपबशी मात्र चालत नव्हती. सिंधुबाईनं हे असलं पूर्वीही पाहिलं होतं, पण इथं, सात समुद्र ओलांडून, विमानातून ब्लीचच्या बाटलीपर्यंत हे सुखरूप येऊन पोचलेलं पाहून तिनं मनातल्या मनात ‘थूः’ केलं. त्या मगातला चहा ती रोज खोलीतल्या कुंडीत ओतायची आणि स्वतःच्या बाटलीतला प्यायची. कुंडीतलं झाड दुसऱ्या आठवड्यात वाळलं. सिंधुबाईला वाटलं, बाईच्या हातचा चहा झाडालाही पचला नाही.

आज कस्तुरी जास्तच मलूल होती. अंग चोळताना तिचे डोळे मिटत होते. “मावशी, डोकं असं ठणकतंय ना, की लाईट पण नको वाटतोय. सकाळी दोनदा उलटी झाली. जीपी डॉक्टर म्हणतो, फ्लू असेल.”

“बाळंतवारं आहे थे,” सिंधुबाईनं निदान केलं. “शेक वाढवा लागीन.”

चिऊ मात्र शहाणी झाली होती. पहिल्या आठवड्यात टाहो फोडायची. आता न्हाऊ घातलं तरी कुरकुर नाही, दूध पिता पिता झोपायची. हेल्थ व्हिजिटर बाई, घरी येऊन बाळ तपासणारी सरकारी नर्स, येऊन गेली होती. ती म्हणाली खोली फार तापवू नका, खिडकी उघडा, बाळाच्या डोळ्यांना ते काळं लावू नका. सिंधुबाईनं ते सगळं एका ‘थूः’मध्ये गुंडाळून टाकलं होतं. काजळ लावायचं नाही म्हणे. आणि इथं तर देवानं काजळ फुकट दिलं होतं. पंधरवड्यापासून त्या शेगडीची ज्योत बदलली होती. आधी निळी, बुटकी, रॉकेलच्या स्टोव्हसारखी फुसफुसायची. आता पिवळी, उंच, चुलीतल्या लाकडासारखी डोलायची. सिंधुबाईला ती आवडायची. आग आगीसारखी दिसली तर माणसाला ऊब येते. त्या पिवळ्या ज्योतीमुळं शेगडीच्या वरच्या कपाळपट्टीवर मऊ मखमली काजळी धरायला लागली होती. एरंडेलाच्या दिव्यावर ताटली उपडी घालून रात्रभर धरतात, तसली ऐन काजळी. ती बोटानं निपटून घ्यायची, तुपात कालवायची आणि चिऊच्या डोळ्यांत, टाळूवर, तळपायाला तीट लावायची.

भिंतीवरही काळा पट्टा उठला होता. वैजयंतीबाई तो पुसून पुसून वैतागल्या होत्या आणि सिंधुबाईच्या धुरीला दोष देत होत्या. आजही त्या दारात उभं राहून कपाळ दाबत म्हणाल्या, “तुमच्या त्या धुराड्यानं माझंसुद्धा डोकं चढलंय. उद्यापासून धुरी नको. खरं सांगायचं तर तुम्ही दोन-चार दिवस आलाच नाहीत तरी चालेल.”

सिंधुबाईचंही डोकं ठणकत होतं. त्या घरात रोजच ठणकायचं, आणि परतीच्या बसमध्ये बसलं की उतरायचं. तिची खात्री होती, की हा त्या बाईच्या तोंडाचा प्रताप. तिनं कस्तुरीला गोधडीत गुंडाळली, चिऊला तिच्या कुशीत दिली, शेगडीचा कान पिळून ती मोठी केली. जाता जाता वरची काजळी एका छोट्या डबीत भरून घेतली. इल्फर्डच्या तिच्या मुलीला, भावनाला, दिवस गेले होते, तिच्यासाठी.

दुपारी हरिदास दोन घरांच्या मधल्या वेळात जेवायला आला. ती ओट्याशी उभी राहून डबीत तूप घालून काडीनं घोटत होती. त्यानं डबीत डोकावलं.

“हे कायचं वं, वयनी?”

“काजळ. भावनाच्या लेकरासाठी. पाहा, किती मऊ आहे. त्या पुण्यावालीच्या हीटरवर आपोआप धरते.”

हरिदासनं तिच्या हातातून डबी घेतली. बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं. त्याच्या तोंडावरची सकाळपासूनची चेष्टा पुसली गेली.

“गॅसच्या हीटरवर काजळी धरत नसते, वयनी,” तो हळू म्हणाला. “कधीच नाई धरत. ज्योत कशी आहे? पिवळी?”

“हाव. मस्त आहे.”

“तिथलं भोक?”

सिंधुबाई हातातल्या काडीकडं पाहत राहिली. हरिदासनं तिच्याकडं एक क्षण पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की त्याला कळलं. वाढलेलं ताट तसंच ठेवून तो दाराकडे धावला. “चला,” एवढंच म्हणाला. ती हात न धुता, चपलेवरच निघाली.

व्हॅनमध्ये तिनं नाकाला पदर लावला नाही. हरिदास वाटेत अनिशला फोन लावायला सांगत होता, तिची तेलकट बोटं बटणांवरून घसरत होती. तिला कस्तुरीच्या मिटणाऱ्या पापण्या दिसत होत्या. शहाणं लेकरू, रडत नाही. माय वं, रडत कसं नाही.

दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. हरिदासनं मूठ आपटली, पत्रपेटीच्या फटीतून ओरडला. बऱ्याच वेळानं साखळीएवढं दार उघडलं आणि वैजयंतीबाईंचा सुजलेला, झोपाळू चेहरा दिसला. “दुपारची वेळ आहे. जरा डोळा लागला होता... आज नको म्हटलं होतं ना तुम्हाला?”

“साखळी काढा, बाई.”

“हे कोण?”

“साखळी काढा,” सिंधुबाई म्हणाली, आणि तो तिचा आवाजच नव्हता.

साखळी निघाली. हरिदास बुटांसकट आत घुसला. “अहो बूट! बूट काढा!” वैजयंतीबाई भिंत धरत मागं मागं येत होत्या. त्यानं पुढच्या खोलीचं दार ढकललं, शेगडी बंद केली, खिडकीच्या चिकटपट्ट्या टराटरा फाडल्या आणि दोन्ही खिडक्या उघड्या टाकल्या. गार वारा पडदे फुगवत आत आला. “बाळंतीण आहे हो आत! वारं लागेल!” वैजयंतीबाई म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही.

कस्तुरी उठेना. हरिदास तिला खांद्याला धरून हलवत होता, ती डोळे उघडत होती आणि ते तिच्या हुकमात नव्हते. सिंधुबाईनं गोधडीतून चिऊला उचललं. लेकरू जड लागलं, ओल्या कापसासारखं. मान मागं पडली. गाल मात्र गुलाबी, छान गुलाबी, जणू शेक मानवला होता.

ती बाहेर धावली. घरासमोरच्या हातभर अंगणात, हिवात पांढऱ्या पडलेल्या गवतावर, ती पायांत चपला घालून उभी राहिली. ज्या वाऱ्यापासून तिच्या घरच्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरं झाकली होती, त्याच्या तोंडासमोर तिनं ते तीन आठवड्यांचं लेकरू धरलं. दुपटं सोडलं. टोपडं काढलं. हातानं छाती चोळली, तळपाय चोळले, तीट लावलेले काळे तळपाय. “रड,” ती म्हणत होती. “रड नं वं, माय. बोंबल. मूत माह्या अंगावर. काहीबी कर.”

वरून विमान गेलं. शेजारच्या घराच्या खिडकीत एक म्हातारी गोरी पडदा सारून पाहत होती. चिऊनं ओठ वाकडे केले. मग एक बारीक, गंजलेल्या कडीसारखा आवाज आला, आणि मग ती अशी रडली की गल्ली भरली.

हरिदासनं कस्तुरीला उचलून बाहेर आणलं आणि पायरीवर बसवलं. अँब्युलन्सला फोन झाला होता. वैजयंतीबाई कुंपणाला धरून ओकत होत्या. सिंधुबाईनं रडणारं लेकरू कस्तुरीच्या मांडीवर दिलं, स्वयंपाकघरात शिरली, सिंकखाली हात घातला आणि जे भांडं हाताला लागलं ते पाण्यानं भरून आणलं. वैजयंतीबाईंनी दोन्ही हातांनी घेतलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. तो पिवळा मग होता. सिंधुबाईनं पाहिलं. तिला वाटलं होतं, असं कधी झालं तर बरं वाटेल. बरं वगैरे काही वाटलं नाही. नुसती शिसारी आली, मगाची, बाईची, स्वतःची, सगळ्यांचीच.

अँब्युलन्सवाल्यांनी तिघींच्या तोंडावर ऑक्सिजन लावला आणि घेऊन गेले. पोरी वाचतील म्हणाले. आणखी थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. अनिश टॅक्सीनं आला तेव्हा अँब्युलन्स नुकतीच वळली होती. हॉस्पिटलची चौकशी करत, चेहरा पांढरा पडून तो अंगणात उभा होता, तेवढ्यात त्यानं फोन करून बोलावलेला घरमालकही पोचला. विनय त्याचं नाव, आपलाच मराठी माणूस, स्टॅनमोरला राहणारा, अशी तीन-चार घरं असलेला. लांब काळा कोट, चामड्याचे हातमोजे. दारातूनच रुमाल नाकाला लावून त्यानं आत पाहिलं.

“मी ऑक्टोबरमध्येच सर्व्हिस करून घेतलीय,” तो म्हणाला. “अनिश, तू पाहिलंयस. हीटर टॉप कंडिशनमध्ये होता. हे लोक धूप-बिप जाळतात, त्यानं झालंय हे. आणि व्हेंट? व्हेंट कुणी ब्लॉक केलं?”

हरिदास गुडघ्यांवर बसून भोकातून तुकडा ओढत होता. निळ्या चौकटीचा, चुरगळलेला. त्यानं तो पसरला आणि तसाच धरून राहिला. विष्णूच्या भटारखान्यातल्या एप्रनचा तुकडा होता. कितीतरी वर्षं त्यानं आपल्या भावाला रोज त्या कापडात पाहिलं होतं. त्यानं सिंधुबाईकडं पाहिलं नाही. कापड घडी करून खिशात घालायला लागला.

ते खिशात गेलं असतं तर गोष्ट तिथं संपली असती. कुणाला कळलं नसतं. वैजयंतीबाईंनाही आठवलं असतं तरी त्या बोलल्या नसत्या.

“म्या कोंबलं,” सिंधुबाई म्हणाली.

अनिशनं तिच्याकडं असं पाहिलं, की ती नजर अंगावर थुंकीसारखी बसली. ती तिनं पुसली नाही. विनयच्या चेहऱ्यावर मात्र रुमालाआडूनही बरं वाटलेलं दिसलं. “बघा. म्हणजे माझा काही रोलच नाही यात. असली अडाणी माणसं घरात घेतली की...”

“भाऊजी, हीटर काढा,” सिंधुबाई म्हणाली.

हरिदासनं स्क्रू सोडले, शेगडी पुढं ओढली आणि मागचा पत्रा काढला. आतून आधी कोरडी माती घरंगळली. मग विटांचे तुकडे, काड्या, पिसं, काजळीची ढेकळं. हात कोपरापर्यंत घालून तो काढत राहिला आणि बादलीत टाकत राहिला. बादली भरली. सगळ्यात शेवटी एक कबुतर निघालं, चपटं, डोळ्यांच्या जागी भोकं, पंख एकमेकांना चिकटलेले. धुराड्याचं नरडं त्यानंच बुजवलं होतं. आत उजेड दिसेना. शेगडीचा पुढचा भाग तेवढा लखलखीत होता. सर्व्हिस म्हणजे कुणीतरी ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं होतं.

“भोक उघडं असतं तं ज्योत एवढी बिघडली नसती,” हरिदास कुणाकडंच न पाहता म्हणाला. “अन् धुराडं साफ असतं तं धूर घरात आला नसता. दोन्ही मिळून झालं.”

सिंधुबाईनं बादली उचलली. दोन्ही हातांनी, न्हाणीघरातली उचलतात तशी. ती विनयसमोर नेऊन त्याच्या छातीशी धरली. त्यानं मान मागं घेतली. तिनं बादली तेवढीच पुढं नेली.

“अन् हे बी म्याच कोंबलं का?”

विनयनं रुमाल नाकावर आणखी दाबला.

“रुमाल काढा. वास घ्या. घ्या नं. तुमच्या घराचा वास आहे.”

त्याच्या चामड्याच्या हातमोज्यांवर काजळी सांडली. तो बाहेर गेला आणि मोटारीशेजारी उभा राहून फोनवर कुणाला तरी ओरडायला लागला. हरिदासनं शेगडीवर धोक्याचा लाल कागद चिकटवला, गॅसचा कॉक बंद करून बांधून टाकला, आणि अनिशला व्हॅनमध्ये घेऊन हॉस्पिटलकडं निघाला. सिंधुबाई बसनं घरी आली. बसमध्ये तिचं डोकं उतरलं, रोजच्यासारखं.

घरी आल्यावर तिनं हात धुतले. साबणानं, मग बेसनानं, मग राखाडी दगडानं घासून. तेलाचा वास गेला, लसणाचा गेला. पण हात पाहिले की पुन्हा पुन्हा किळस येत होती. याच हातांनी मऊ काजळी तिनं लेकराच्या डोळ्यांत घातली होती आणि कौतुकानं पाहिली होती. काजळाची डबी तिनं कचऱ्यात टाकली. झाकण घट्ट लावून, कागदात गुंडाळून, मेलेला उंदीर टाकतात तशी.

चार दिवसांनी कस्तुरीचा फोन आला. आवाज अजून कच्चा होता. चिऊ नीट पितेय, रात्रभर किंचाळतेय, नर्सेस कंटाळल्यात, असं ती सांगत होती आणि मध्येच हसत होती. सोमवारी सोडतायत. ते घर सोडून ते हॅरोला मैत्रिणीकडं जाणार होते, तिथं सेंट्रल हीटिंग नवं होतं. मग ती म्हणाली, “मावशी, अनिश अजून थोडा रागात आहे. पण मी सांगितलंय त्याला. तुम्ही याल ना?”

“सासूबाईले इचारलं का?”

“त्या काहीच म्हणाल्या नाहीत.”

“काही नाई म्हनत म्हंजे काय म्हनतात, थे मले समजते,” सिंधुबाई म्हणाली. “येईन मी. लेकराची आंघोळ राहिली आहे. चहा करू नोका माह्यासाठी. अन् पयले भाऊजी येऊन बॉयलर पाहतीन, मंग मी आत पाय टाकीन.”

फोन ठेवून ती उठली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली क्षणभर थांबली, शेजारचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. मागच्या भोकातला कागद पिवळा पडून दगड झाला होता. तिनं तो बोटांनी उकरून काढला, आणि वारा तिच्या तोंडावर आला. ओला, गार, कुत्र्याच्या नाकासारखा. “थूः,” ती म्हणाली. पण जाळी बोटानं साफ केली, जळमटं काढली, आणि कॅलेंडर दुसऱ्या भिंतीवर टांगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिदास आला, खुर्चीत बसला आणि दोन मिनिटांत कोटाची कॉलर वर केली. इकडंतिकडं पाहिलं. भोक दिसलं.

“वयनी, बेजार गार लागून राह्यलं वं इथं.”

“आगीले श्वास लागते म्हनत होते नं? मंग आता काऊन कुडकुडून राह्यले?” तिनं जुनी शाल काढून त्याच्या अंगावर भिरकावली. “अन् आज हीटरमागचं काही सांगसान, तं भाकर नाई देत मी.”

त्यानं शाल कानापर्यंत लपेटली. सिंधुबाईनं गॅस पेटवला, ज्योत निळी आहे का ते वाकून पाहिलं, तवा ठेवला. मग परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, मध्ये आळं केलं, गरम पाणी ओतलं आणि दोन्ही हात त्यात घालून मळायला लागली.